चेंडू नसताना नुसतं पळत राहायचं?

‘चेंडू नसेल तर थांबू नका, पळत राहा’ ही सूचना बास्केटबॉलच्या मैदानावर वर्षानुवर्षं ऐकू येते. ती अर्धवट आहे. एकाच वेगाने पळणाऱ्याला राखणं सगळ्यात सोपं; शिवाय तो साथीदाराच्या ड्राइव्हची (चेंडूचे टप्पे देत बास्केटकडे मारलेल्या मुसंडीची) वाट अडवतो आणि आपल्याला राखणारा बचावपटू फुकटात मदतीला नेऊन देतो.

खेळाडू मोकळा होतो तो वेग बदलल्याने, आणि तो कधी बदलायचा हे बचावपटूच सांगतो. त्याचा हात आणि पाय पासच्या वाटेत आले, की बॅकडोअर, म्हणजे त्याच्या पाठीमागून बास्केटकडे धाव: चेंडूच्या दिशेने दोन सावकाश पावलं, हात पुढे करून पास मागायचा, बाहेरचा पाय रोवायचा आणि बास्केटकडे सुसाट. इथे बहुतेकांचं चुकतं ते पहिल्या दोन पावलांत. तीही जोरात टाकली तर वेगात फरक उरतच नाही. बचावपटूने मान वळवून चेंडूकडे पाहिलं, तरी तोच क्षण. तो सैल, मागे उभा असेल तर मात्र कट (बास्केटकडे अचानक धाव) नको. थ्री-पॉइंट रेषेबाहेर शूटिंगच्या तयारीत थांबा. हो, थांबणंसुद्धा खेळच आहे.

स्क्रीनवर, म्हणजे साथीदार बचावपटूच्या वाटेत आडवा उभा राहतो तेव्हा, बचावपटू मागून पाठलाग करत आला तर वळसा घालून आत, स्क्रीनच्या आतून निसटला तर बाहेर सरका.

सरावाला ड्रिबलबंदीचं तीन विरुद्ध तीन लावा. साथीदारांत चार-पाच मीटर अंतर हवं. पास देणाऱ्याची नजर वर नसताना केलेला कट वाया जातो, हे पोरांना दहा मिनिटांत कळतं.