फार्महाऊस वेगळं, शेतावरचा मुक्काम वेगळा

डिसेंबर लागला की नागपुरात ‘चला, शेतावर जाऊ’ सुरू होतं. काटोल रोडला निघा, उमरेड रोडला निघा, पाट्या तयारच असतात: फार्महाऊस, फार्म स्टे, कृषी पर्यटन, हुरडा पार्टी. पाटी रंगवणाऱ्याला हे सगळे शब्द सारखेच. तिथे रात्र काढणाऱ्याला मात्र फरक पडतो.

आम्ही एकदा फसलो. ‘शेतावर मुक्काम’ म्हणून गेलो आणि पाहतो तर हिरवंगार लॉन, निळा हौद, मोठाले स्पीकर आणि कुंपणालगत शोभेला लावलेली सहा संत्र्याची झाडं. भरताची वांगी कॉटन मार्केटची. संत्र्याला ज्या हंगामात फुलं आणतात तो त्याचा बहार, म्हणून केअरटेकरला विचारलं, “ही झाडं आंबिया बहाराची का मृगाची?” तो म्हणाला, “मालकाले माहीत साहेब, ते नागपूरलेच राहतात.” जागा वाईट नव्हती हो. आम्ही शोधत होतो ती नव्हती, एवढंच.

फार्महाऊस म्हणजे बहुतेक वेळा अख्खी जागा दिवसाच्या हिशेबाने भाड्याने. वाढदिवस, कॉलेजच्या दोस्तांचं गेट-टुगेदर, सावजी मटणाचा बेत. स्वयंपाकी तुमचा, गोंधळ तुमचा, टोकणारं कुणी नाही. त्यासाठी ते उत्तमच. गंमत अशी की 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत शेतातल्या इमारतीची जी व्याख्या आहे, तिच्यात अवजारं, खत, चारा आणि माल ठेवणं, गुरं बांधणं, शेतकऱ्याच्या घरच्यांनी किंवा गड्यांनी राहणं असं सगळं येतं. पोहण्याच्या हौदाचा तिच्यात उल्लेख नाही.

कृषी पर्यटनात शेतकऱ्याचं घर तिथेच असतं आणि पाहुण्यांसाठी चार-दोन खोल्या काढलेल्या असतात. राज्याने 2020 मध्ये यासाठी धोरण आणलं. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. पैसे सहसा माणशी, जेवण त्यातच, आणि ते घरची बाई रांधते. म्हणून आदल्या दिवशी कळवावं लागतं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, भाजायचे तर ते काही ऑर्डर दिल्यावर वीस मिनिटांत होत नाहीत.

पण खरा फरक मला बागेत कळला. काटोलकडच्या एका घरी जानेवारीत गेलो होतो. झाडांची पानं मलूल, जमीन भेगाळलेली. बायको हळूच म्हणाली, “बाग वाळली वाटतं यांची.” घरच्या काकूंनी ऐकलंच. “वाळली कायले? ताणावर सोडली आहे.” आंबिया बहार घ्यायचा तर हिवाळ्यात बागेचं पाणी तोडतात. झाड तहानलं की वाढ थांबवतं आणि मग पाणी मिळालं की फुलावर येतं. मृग बहाराला हाच ताण उन्हाळ्यात देतात. पाहुण्यांना हिरवं दिसावं म्हणून तिथे कुणी मोट सोडत नाही, म्हणजे आता मोटर. फार्महाऊसच्या लॉनला मात्र रोज पाणी मिळतं, कारण तिथलं पीक म्हणजे आपणच.

दुसरी गोष्ट फळं तोडण्याची. लेकराला झाडावरून संत्रं तोडायचं होतं. घरचे शेतकरी भाऊ म्हणाले, “बाग व्यापाऱ्याले दिली ना, आता त्या फळाले आपण हात नाही लावत.” आपल्याकडे उभी बाग विकायची पद्धत जुनी. व्यवहार झाला की तोडा व्यापाऱ्याचा, मजूर त्याचे, राखणही त्याची. घरच्यासाठी विहिरीजवळची तीन झाडं ठेवली होती, तिथे लेकराच्या हातात कात्री मिळाली. ओढून तोडलं तर देठाजवळची साल फाटते आणि फळ लवकर सडतं, म्हणून देठ कात्रीनेच कापायचा. हे त्याला शाळेत कुणी सांगितलं नसतं. मलाही नव्हतं सांगितलं.

रात्री दोनला अंगणात टॉर्च हलली. आम्ही दचकलो. शेतीपंपाची लाइन, म्हणजे वीज, आली होती, भाऊ गव्हाला पाणी द्यायला निघाले होते. सकाळी चहाला मात्र तेच समोर.

होमस्टे हा तिसरा शब्द यात उगाच घुसतो. त्यात यजमानाचं घर असतं, शेत असेलच असं नाही. पेंचकडे जाताना असे भेटतील.

जायचं ठरलं की पाटीवरून किंवा फोटोंवरून ठरवू नका, फोटो सगळ्यांचे सारखेच. फोन लावा आणि रूमचा दर विचारायच्या आधी विचारा, “सध्या शेतात काय सुरू आहे?” एका ठिकाणी मला उत्तर मिळालं, “सगळं आहे सर, रेन डान्सपण आहे.” काटोलच्या काकूंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “या रविवारी नका येऊ बाप्पा, तूर काढून राहिलो. पुढच्या रविवारी या, आणि माणसं किती ते आजच सांगा.”