सुती मोज्यांनी पायाला फोड येत नाहीत?

नागपूरहून रामटेकला पायी निघायचं ठरलं की घरातलं कुणीतरी हमखास सांगतं, "जाड सुती मोजे घाल, घाम शोषतात, फोड येत नाहीत." घाम शोषतात हे खरं. पण शोषलेला घाम सुती कापड सोडत नाही, आणि पायाचा घात तिथेच होतो.

फोड नुसत्या वरवरच्या घासण्यानं येत नाही. प्रत्येक पावलाला आतलं हाड पुढे सरकतं, वरची कातडी मात्र मोज्याला चिकटून मागेच राहते. या ओढाताणीत कातडीचे आतले थर सुटतात आणि त्या फटीत पाणी भरतं. कातडी ओलसर असली की ती जास्तच चिकटते. कन्हानपर्यंत पोचून बूट काढला, की टाच पांढरी पडलेली नि सुरकुतलेली दिसते ना, तीच ही ओल!

म्हणून नागपुरात बर्डीच्या बाजारात मोजे घेताना नायलॉन-पॉलिस्टरचे किंवा लोकरीच्या मिश्रणाचे, पातळ आणि घट्ट बसणारे बघा. जिथे नेहमी लागतं तिथे मेडिकलमधली साधी पेपर टेप आधीच, कोरड्या पायावर लावा. वाळवंटातल्या २५० किलोमीटरच्या शर्यतींत १२८ धावपटूंवर हे तपासलं गेलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात टेप लावलेल्या जागी फोडांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी निघालं. इतकी स्वस्त वस्तू, पण पिशवीत क्वचितच कुणाकडे असते.

चालताना एखादी जागा चुरचुरली की "मनसरला पोचल्यावर बघू" म्हणू नका, तिथेच थांबा. बूट नवे नकोत. मधुमेह असेल तर आलेला फोड घरी फोडू नका, डॉक्टरांना दाखवा.