मैद्याची खळ कागदाला का धरते?

मुलांच्या वाढदिवसासाठी घरी पिन्याटा, म्हणजे खाऊ भरून टांगायचे आणि काठीने फोडायचे कागदी कवच, करायचा, तर फुग्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीत भिजवून चिकटवायच्या, सगळे वाळले की फुगा फोडून काढून घ्यायचा आणि पोकळीत खाऊ भरायचा, एवढी कृती बहुतेकांना ठाऊक असते. मेक्सिकोत पूर्वी कागदाने सजवलेले मातीचे मडके फोडत असत. फुटके खापर अंगावर पडण्याचा धोका कागदी कवचाने टळला. मात्र खळ जितकी दाट तितके हे कवच मजबूत, हा समज चुकीचा आहे. कवचाला बळ येते ते खळीतले पाणी निघून गेल्यामुळे.

मैद्यातला स्टार्च सूक्ष्म कणांच्या रूपात असतो. मोठे कण सुमारे २० ते ३५ मायक्रोमीटरचे, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या दोन-तीन पट असतात आणि त्यांची बांधणी इतकी घट्ट असते की थंड पाणी त्यांना फारसे फुगवू शकत नाही. मंद आचेवर ढवळत राहिल्यास साधारण ५५ ते ६५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ही बांधणी ढासळते, कण पाणी पिऊन फुगतात आणि अमायलोज नावाचे लांब रेणू बाहेर पडू लागतात. पांढरे, पाणचट मिश्रण बघता बघता अर्धपारदर्शक होते आणि डावाला जड लागू लागते. एक वाटी मैद्याला चार-पाच वाट्या पाणी पुरते.

पुढचा भाग मला सर्वांत सुंदर वाटतो. स्टार्च आणि कागदातले सेल्युलोज हे दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्यांचे बनलेले असतात. फरक केवळ जोडणीच्या दिशेचा असतो. स्टार्चमध्ये ती अशी असते की साखळीला पीळ पडतो, तर सेल्युलोजमध्ये प्रत्येक दुसरे ग्लुकोज उलटे बसल्याने साखळी सरळ राहते. दोन्हींवर हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, ओळीने असतात आणि ते एकमेकांशी हायड्रोजन बंध जोडू शकतात. ओलेपणी मात्र या गटांना पाण्याचे रेणूच व्यापून असतात. पाणी उडू लागले की उरलेल्या पाण्याचा पृष्ठताण कागदाचे तंतू एकमेकांकडे ओढतो, अंतर घटते आणि पाण्याशी असलेले बंध सुटून स्टार्च थेट सेल्युलोजला धरतो. असा एकेक बंध दुबळा असला, तरी त्यांची संख्या अफाट असते. खळ फार जाड लावली तर आतले पाणी अडकून राहते आणि तेथे बुरशी धरते. मीठ घातल्याने बुरशीला अटकाव होतो खरा, पण दमट हवेत तेच मीठ ओलावा ओढून घेते. अशा खळीला ‘केमिकल-फ्री’ म्हणून मिरवण्याची टूम निघाली आहे. वर सांगितलेले सर्व काही रसायनशास्त्रच आहे.

पट्ट्या कात्रीने न कापता हाताने फाडाव्यात, कारण फाटलेल्या कडेचे मोकळे तंतू शेजारच्या पट्टीत मिसळतात. कागद ज्या दिशेने सरळ फाटतो त्या दिशेने त्यातले बहुतेक तंतू असतात, म्हणून एक थर उभा तर पुढचा आडवा द्यावा. गुळगुळीत, चकचकीत कागद खळ शोषत नाही. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा, पण कडक उन्हात ठेवू नये: तापमान ३० वरून ४० अंशांवर गेले की फुग्यातली हवा सुमारे ३ टक्क्यांनी प्रसरण पावते आणि ओले कवच उकलते.

पिन्याट्याला खाऊचे वजन पेलायचे असते आणि फुटायचेही असते, म्हणून तीन थर पुरेसे. कोरडा स्टार्च काचेप्रमाणे ठिसूळ असतो. थोडे पाणी उरले तरी त्याच्या साखळ्या सरकू लागतात, आणि अशा सर्दावलेल्या कवचाला काठीने केवळ पोचा पडतो, ते फुटत नाही. कोरड्या कवचात तडा बहुधा कापलेल्या कडेपासून निघतो, कारण ताण तेथे एकवटतो. यासाठीच दोरी ओवण्याच्या भोकांभोवती आणखी दोन थर द्यावेत आणि खाऊ भरायची खाच बाजूला, काठी पोहोचेल अशा उंचीवर कापावी, म्हणजे तडा दोरीपाशी न जाता खाचेपासून पसरेल.