ब्रिटनमधलं युद्धोत्तर प्रीफॅब घर: आधी प्रमाणपत्र, मग सर्व्हे

इंग्लंडमध्ये घर शोधताना तीन बेडरूम, पुढेमागे बाग आणि शेजारच्या घरांपेक्षा बरीच कमी किंमत दिसली, की जाहिरातीत 'नॉन-स्टँडर्ड कन्स्ट्रक्शन' (नेहमीच्या विटांपेक्षा वेगळं बांधकाम) किंवा 'कॅश बायर्स ओन्ली' (कर्ज न काढता घेणाऱ्यांनाच) असं लिहिलंय का ते पाहा. असेल तर ते घर बऱ्याचदा दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यात सुटे भाग बनवून जागेवर उभारलेलं, म्हणजे प्रीफॅब, असतं. म्हणून ते घेऊच नये असं नाही, पण त्याच्या खरेदीत कामांचा क्रम बदलतो. नेहमीच्या पद्धतीने आधी ऑफर, मग कर्ज, मग सर्व्हे असं गेलं, तर बँक या प्रकाराला हात लावत नाही हे शेवटी कळतं. तोवर सर्व्हेची फी गेलेली असते आणि वकिलाचंही बिल चढलेलं असतं.

घराचं कूळ ओळखा

1944 च्या कायद्याखाली उभारलेले दीड लाखाहून जास्त बैठे प्रीफॅब मुळात दहाएक वर्षांसाठीच होते. त्यातले फार थोडे उरलेत. बाजारात जास्त दिसतात ती कायमची म्हणून बांधलेली दुमजली कौन्सिल घरं, म्हणजे स्थानिक पालिकेने भाड्याने द्यायला बांधलेली. त्यांचे प्रकार नावांनी ओळखले जातात. एअरी घराच्या भिंतीवर काँक्रीटच्या आडव्या पट्ट्या एकावर एक बसवलेल्या असतात. कॉर्निश युनिटच्या बऱ्याच घरांत वरचा मजला कौलांच्या उतरत्या छपरातच असतो. बीआयएसएफ (ब्रिटिश आयर्न अँड स्टील फेडरेशन) घराचा सांगाडा पोलादी असतो आणि मूळ रूपात वरच्या मजल्याला पन्हळी पत्रा असतो.

1980 च्या कायद्याने भाडेकरूंना कौन्सिलची घरं विकत घेण्याचा हक्क मिळाला आणि ही घरं खासगी मालकीत आली. पुढे त्यांच्या काँक्रीटमधलं लोखंड गंजत असल्याचं आढळलं. तेव्हा सरकारने 1984 च्या कायद्याने एअरी, कॉर्निश युनिट, ऑर्लिट, युनिटी, वेट्स, वूलअवे असे प्रकार 'सदोष' ठरवले. बीआयएसएफ त्या यादीत नाही, तरी काही बँका त्यालाही नाक मुरडतात. दुरुस्तीचं अनुदान त्या वेळच्या मालकांसाठी होतं. आज घेणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही.

पीआरसी प्रमाणपत्र

पीआरसी म्हणजे प्रीकास्ट रीइन्फोर्स्ड काँक्रीट, कारखान्यात ओतलेलं सळयांचं काँक्रीट. यादीतल्या घरासाठी हा सगळ्यात महत्त्वाचा कागद. मान्य आराखड्याप्रमाणे सदोष काँक्रीट काढून किंवा त्याच्यावरचा भार हटवून दुरुस्ती केल्याचं इंजिनियर त्यात लिहून देतो. प्रत एजंटमार्फत मागा आणि त्यावर याच घराचा नंबर आहे ना ते बघा. शेजारच्याचं प्रमाणपत्र आपल्या कामाचं नाही. उलट जोडघर असेल तर शेजारचा अर्धा भागही दुरुस्त झालाय का, असं काही बँका विचारतात. सोबत कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलचा (बांधकाम तपासणाऱ्या विभागाचा) पूर्णत्वाचा दाखला हवा.

विटांचं तोंड बघून भुलू नका. बाहेरून नवी वीट चढवलेली आणि आत तेच जुने काँक्रीटचे खांब उभे, अशीही घरं आहेत.

सर्व्हे कोणता

प्रकार आणि प्रमाणपत्र हातात आलं की बँकेला किंवा मॉर्गेज ब्रोकरला लेखी विचारा. होकार आला तरच पुढे. बँक करते ते व्हॅल्युएशन बँकेसाठी असतं, तुमच्यासाठी नाही. तुम्ही आरआयसीएसच्या (सर्व्हेयरांच्या व्यावसायिक संस्थेच्या) सर्व्हेयरकडून लेव्हल 3, म्हणजे सगळ्यात सविस्तर सर्व्हे, घ्या, लेव्हल 2 वर भागवू नका. मात्र तोही भिंत फोडून बघत नाही. दुरुस्ती न झालेल्या घरासाठी स्ट्रक्चरल इंजिनियर वेगळा लागतो, आणि भोक पाडायला विकणाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी लागते.

काँक्रीटच्या ताज्या तुकड्यावर इंजिनियर फिनॉल्फ्थॅलिन फवारतो. शाळेतल्या प्रयोगशाळेतलंच ते. काँक्रीट धड असेल तिथे लगेच गडद गुलाबी रंग येतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचा अल्कली गुण गेला असेल तिथे रंगच चढत नाही. ही बिनरंगी कड सळईपर्यंत पोचली असेल, तर लोखंडाचं गंजापासूनचं कवच गेलं म्हणून समजा. लोखंड गंजवणाऱ्या क्लोराइडचीही तपासणी सांगा, कारण काँक्रीट लवकर घट्ट व्हावं म्हणून त्या काळी त्यात कॅल्शियम क्लोराइड घालत. बीआयएसएफमध्ये पोलादी खांबांचे पाय उघडून बघायला लावा. छपराचे जुने पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे असू शकतात, ते स्वतः खरवडायला जाऊ नका.

पात्रता आणि कागदपत्रं

ब्रिटनमध्ये घर घ्यायला नागरिकत्व लागत नाही, पण कर्ज देताना बँक व्हिसा आणि त्याची उरलेली मुदत बघते. पासपोर्ट, ई-व्हिसाचा शेअर कोड (ज्याने बँक व्हिसा ऑनलाइन तपासते), पत्त्याचा पुरावा, पगाराच्या स्लिपा आणि बँक स्टेटमेंटं तयार ठेवा. आईवडिलांनी भारतातून पैसे पाठवले असतील तर भेटपत्र (पैसे भेट दिल्याचं पत्र), त्यांचं स्टेटमेंट आणि ए-टू फॉर्मची (परदेशी पैसे पाठवताना बँकेत भरलेल्या) प्रत वकिलाला द्यावी लागते. एलआरएसखाली (रिझर्व्ह बँकेची परदेशी पैसे पाठवण्याची योजना) माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, आणि ते वर्ष एप्रिल ते मार्च.

एक गोष्ट बहुतेकांना उशिरा कळते. पुण्यातला फ्लॅट नवरा-बायकोपैकी कोणाच्याही नावावर असेल आणि त्यातल्या हिश्श्याची किंमत 40,000 पौंड किंवा जास्त असेल, तर इंग्लंडमधलं हे घर साधारणपणे 'जादा घर' धरलं जातं. मग नेहमीच्या स्टँप ड्यूटीशिवाय घराच्या किमतीवर आणखी 5 टक्के बसतात. राहतं घर विकून दुसरं घेताना यातून सुटता येतं. पहिलं घर घेणाऱ्याची स्टँप ड्यूटीतली सवलत मात्र जगात कुठेही आधी कधी घर मालकीचं असेल तर मिळत नाही.

शेवटचा टप्पा

इंग्लंड-वेल्समध्ये दोन्ही बाजूंनी सही केलेल्या करारांची अदलाबदल होईपर्यंत कोणीही मागे फिरू शकतं. त्यानंतर माघार घेतली तर साधारण 10 टक्के अनामत जाते. म्हणून इंजिनियरचा अहवाल त्याआधी हातात हवा. विमाही अदलाबदलीच्या दिवसापासून लागतो, आणि घराचा प्रकार विमा कंपनीला नावानिशी सांगा. लपवला तर क्लेम अडतो. स्कॉटलंडची रीत निराळी आहे. तिथे सहसा विकणाराच होम रिपोर्ट (घराच्या सर्व्हेसह अहवाल) देतो, पण तो वाचूनही काँक्रीटची तपासणी वेगळी करावी लागते. इंग्लंडमध्ये ताबा मिळाल्यावर 14 दिवसांत स्टँप ड्यूटीचं विवरण भरायचं असतं. ते बहुधा वकीलच भरतो, पावती मात्र मागून घ्या.