एसजीपीटी नॉर्मल, म्हणजे लिव्हर ठणठणीत?

नागपूरच्या अंबाझरी तलावावरची सकाळची फेरी आटोपून तर्री-पोह्याच्या ठेल्यावर थांबलं की हे हमखास कानावर येतं: "शुगर आहे, पण एसजीपीटी नॉर्मल आलं. लिव्हरचं टेन्शन नाही." वर पुरवणी, "आपण दारूला शिवत नाही." पुरवणी आधी निकालात काढू. मधुमेहींच्या फॅटी लिव्हरला दारू लागतच नाही; शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की चरबी यकृतात साठू लागते.

एसजीपीटीचा समज मात्र चिवट. हे यकृताच्या पेशींतून रक्तात झिरपणारं एन्झाइम. चरबी असूनही ते नॉर्मल राहू शकतं, आणि यकृतात व्रण, म्हणजे फायब्रोसिस, वाढत गेलं तर उलट खालीही येतं. खरी भीती त्या व्रणांचीच.

म्हणून फिब-४, म्हणजे व्रणांचा अंदाज देणारा आकडा, काढतात. वय गुणिले एसजीओटी (रक्तात मोजलं जाणारं असंच दुसरं एन्झाइम); त्याला हजारांतल्या प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, याने भागायचं. समजा वय ५८, एसजीओटी ३८, एसजीपीटी २५, प्लेटलेट दीड लाख. रिपोर्टात एकही आकडा ठळक छापलेला नाही. पण २२०४ भागिले ७५० म्हणजे २.९४! साधारण १.३ च्या खाली धोका कमी (पासष्टीनंतर २ च्या खाली), २.६७ च्या वर जास्त. कमी धोक्याच्या वर आकडा गेला की फायब्रोस्कॅनसारखी (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी) पुढची तपासणी.

हे निदान नव्हे, चाळणी आहे. डेंग्यूत प्लेटलेट घसरलेल्या असताना हिशेब केला तर आकडा उगाच फुगतो. पावसाळ्यानंतरच्या नागपुरात तेवढं डॉक्टरांना आठवणीने सांगा.