इंग्रजीच्या गुणांची अट आली कुठून?

परदेशी विद्यापीठाच्या प्रवेशपत्रकात 'आयईएलटीएस ६.५, कुठल्याही भागात ६ पेक्षा कमी नको' अशी इंग्रजीच्या परीक्षेतल्या गुणांची अट दिसते, तेव्हा ती प्राध्यापकांनी ठरवली असावी असं वाटतं. इतिहास पाहिला तर त्यात इमिग्रेशन खात्याचा हात बराच जुना आहे.

केंब्रिजने १९१३ मध्ये इंग्रजीची प्रावीण्य परीक्षा सुरू केली, ती मुळात परदेशात इंग्रजी शिकवू पाहणाऱ्यांसाठी. जवळपास बारा तासांच्या त्या परीक्षेत भाषांतर, निबंध, साहित्य, उच्चारशास्त्र सगळं होतं. पहिल्या वर्षी तिघं बसले आणि तिघंही नापास झाले.

अमेरिकेत चित्र वेगळं होतं. १९२४ च्या स्थलांतर कायद्याने बाहेरून येणाऱ्यांवर देशवार कोटे लावले, पण विद्यार्थ्यांना त्यातून वगळलं. मग येणारा खरोखर शिकायलाच येतोय हे कसं ओळखायचं? त्यातून कॉलेज बोर्ड या तिथल्या प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या संस्थेने १९३० मध्ये इंग्रजीची परीक्षा घेतली. ती काही वर्षांतच बंद पडली, पण प्रश्न उरला. १९६४ मध्ये टोफेल ही परदेशी विद्यार्थ्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा आली. मोठ्या संख्येने तपासता यावी म्हणून ती पर्याय निवडण्याच्या प्रश्नांवर उभी होती. बोलण्याचा भाग मुख्य परीक्षेत आला तो थेट २००५ मध्ये, इंटरनेटवरच्या आवृत्तीत.

ब्रिटिशांचा १९८० चा प्रयोग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. ब्रिटिश कौन्सिल आणि केंब्रिजच्या ईएलटीएस परीक्षेत विषयानुसार वेगळे पेपर होते. वैद्यकशास्त्र शिकणाऱ्याला एक, तंत्रज्ञानवाल्याला दुसरा, समाजशास्त्रवाल्याला तिसरा. विद्यार्थ्याला वर्गात जे इंग्रजी लागणार तेच तपासायचं, हा त्यामागचा विचार. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाची आयडीपी ही परदेशी विद्यार्थ्यांसाठी काम करणारी संस्था सामील झाली, परीक्षेचं नाव आयईएलटीएस झालं आणि विषयगट तीनच उरले. १९९५ मध्ये तेही गेले, सर्वांना एकच अकॅडेमिक पेपर आला. एवढे वेगळे पेपर समान काठिण्याचे काढणं अवघड होतं, हे मान्य. तरीही इंजिनिअरिंगच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला एकाच उताऱ्यावर जोखण्यात काहीतरी महत्त्वाचं हरवलं, असं माझं ठाम मत आहे.

पुढे व्हिसाचं वजन वाढत गेलं. २०१४ मध्ये बीबीसीने ब्रिटनमधल्या व्हिसासाठी चालणाऱ्या टोइक या इंग्रजी परीक्षेच्या काही केंद्रांतली फसवणूक दाखवली आणि तिथल्या गृहखात्याने हजारो विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द केले. त्यात भारतीय पुष्कळ होते. काहींना आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करायला न्यायालयात वर्षं घालवावी लागली. भाषेच्या एका परीक्षेवर माणसाचा देशातला मुक्कामच टांगून ठेवला की निरपराध कसे भरडले जातात, हे तेव्हा दिसलं. ऑस्ट्रेलियाने तर मार्च २०२४ पासून विद्यार्थी व्हिसासाठी आयईएलटीएसची किमान अट ५.५ वरून ६ केली, तीही स्थलांतर आवरण्याच्या धोरणाचा भाग म्हणून.

ब्रिटनमध्ये पदवी आणि त्यावरच्या अभ्यासक्रमांसाठी विद्यापीठांना भाषा स्वतः तपासायची मुभा आहे. म्हणूनच तिथली काही विद्यापीठं बारावीच्या इंग्रजीच्या गुणांवर परीक्षेतून सूट देतात. मात्र ती मंडळागणिक बदलते. सीबीएसईला एक टक्केवारी, राज्य मंडळांना बऱ्याचदा त्याहून जास्त, कुठे अजिबात नाही. महाराष्ट्र मंडळातून बारावी झालेल्यांनी परीक्षेची फी भरण्याआधी विद्यापीठाला आपल्या मंडळाचं नाव घालून हे लेखी विचारावं.