फोक्सवॅगन: हिटलरची योजना, ब्रिटिश मेजर आणि डिझेलचा डाग

२० डिसेंबर २०२४ रोजी फोक्सवॅगनचे व्यवस्थापन आणि आयजी मेटाल ही कामगार संघटना यांच्यात तडजोड झाली. सत्तर तासांच्या वाटाघाटींनंतर ठरले ते असे: २०३० पर्यंत जर्मनीतल्या ३५ हजार नोकऱ्या कमी करायच्या, पण सक्तीने कुणाला काढायचे नाही, आणि मोठे कारखाने तूर्त चालू ठेवायचे. ड्रेस्डेनच्या छोट्या कारखान्यातले गाड्यांचे उत्पादन तेवढे २०२५ अखेर थांबवायचे. त्याआधी काही महिने व्यवस्थापन जर्मनीतले कारखानेच बंद करण्याची भाषा करत होते. चिनी बाजारात खप घसरलेला, विजेच्या गाड्यांवर खर्च वारेमाप, जर्मनीतली मजुरी महाग. हिशेब सरळ होता, तरी तो अमलात आणता आला नाही.

याचे कारण कंपनीच्या घडणीत आहे. फोक्सवॅगनच्या पर्यवेक्षक मंडळावर वीस जण असतात. त्यांतले दहा कामगारांचे. आणखी दोन जागा लोअर सॅक्सनी या राज्याच्या सरकारकडे असतात, कारण मतदानाचे २० टक्के हक्क त्या राज्याकडे आहेत. पोर्शे आणि पिएख या नातलग घराण्यांकडे निम्म्याहून थोडे अधिक हक्क आहेत, कतारच्या सरकारी गुंतवणूक संस्थेकडे १७ टक्के. नवा कारखाना उभारायचा किंवा असलेला हलवायचा तर मंडळात दोन तृतीयांश मते लागतात, असे कायदाच म्हणतो. एका कंपनीसाठी संसदेने केलेला हा कायदा १९६० सालचा आहे. त्यामुळे फोक्सवॅगनला निव्वळ खासगी कंपनी म्हणणे मला नेहमीच अर्धवट वाटते. तिची कीर्ती आणि अपकीर्ती दोन्ही समजून घ्यायच्या तर तिची मालकी कुणाकडून कुणाकडे गेली ते पाहावे लागते.

सुरुवात नाझी राजवटीत झाली, आणि ती केवळ कालगणनेपुरती नव्हे. सत्तेवर येताच हिटलरने सामान्य जर्मन कुटुंबाला परवडेल अशा गाडीची घोषणा केली. किंमत हजार राइशमार्कच्या आत हवी होती. १९३४ मध्ये आराखड्याचे काम फर्डिनांड पोर्शे या अभियंत्याकडे गेले. मागच्या बाजूला हवेने थंड होणारे इंजिन आणि भुंगेऱ्याच्या पाठीसारखा गोल आकार (यावरूनच गाडीला पुढे ‘बीटल’, म्हणजे भुंगेरा, म्हणू लागले) ही एकट्या पोर्शेची कल्पना नव्हती. चेकोस्लोव्हाकियात टाट्रा कंपनीसाठी हान्स लेडविंका अशाच गाड्या बनवत होते, आणि टाट्राच्या दाव्यापोटी फोक्सवॅगनला युद्धानंतर भरपाई द्यावी लागली. योसेफ गान्झ हे ज्यू अभियंते आणि पत्रकार तर स्वस्त, लहान गाडीचा आग्रह कितीतरी आधीपासून धरत होते. त्यांना देश सोडावा लागला आणि गाडीच्या अधिकृत कथेतून त्यांचे नाव अनेक वर्षे गायब राहिले.

त्या किमतीत गाडी विकून फायदा होणार नाही, हे जर्मनीतल्या इतर मोटार कंपन्यांना दिसत होते. त्यांनी हात आखडता घेतला, म्हणून योजना ‘जर्मन लेबर फ्रंट’ या नाझी कामगार संघटनेकडे सोपवण्यात आली. या संघटनेकडे पैसा कुठून आला? १९३३ मध्ये स्वतंत्र कामगार संघटना मोडून त्यांची जी मालमत्ता जप्त केली होती, तिच्यातून. २६ मे १९३८ रोजी फालर्सलेबन गावाजवळ हिटलरच्या हस्ते कारखान्याची कोनशिला बसली. शेजारी नवे शहर वसवायला घेतले आणि त्याला गाडीचेच नाव दिले.

गाडी मिळवण्यासाठी आठवड्याला पाच मार्कांचे तिकीट घेऊन वहीत चिकटवायचे होते. वही भरली की गाडी. ३ लाख ३६ हजार लोकांनी वह्या काढल्या आणि सुमारे २८ कोटी मार्क जमा केले. या बचतदारांपैकी एकालाही गाडी मिळाली नाही. ज्या काही शे गाड्या तयार झाल्या त्या बड्या धेंडांकडे गेल्या. आपल्याकडच्या भिशीवाल्याने पैसे घेऊन पळून जावे तसलाच हा प्रकार, फक्त इथे भिशी सरकारची होती. बचतदारांनी युद्धानंतर दावा लावला, तो १९६१ पर्यंत चालला, आणि शेवटी नव्या गाडीवर जास्तीत जास्त ६०० मार्कांची सूट किंवा रोख १०० मार्क एवढ्यावर मिटला.

युद्ध सुरू झाले तेव्हा कारखाना लष्कराच्या कामाला जुंपला गेला. क्युबेलवॅगन ही लष्करी गाडी सुमारे ५० हजारांच्या संख्येने तयार झाली. पाण्यावर चालणारी गाडी, विमानांचे भाग, लंडनवर सोडलेल्या व्ही-१ बॉम्बची जोडणी, हे सगळे तिथे झाले. काम करणारे हात मात्र जर्मन फारसे नव्हते. युद्धकाळात सुमारे २० हजार माणसांना तिथे सक्तीने राबवण्यात आले: पोलंड आणि सोव्हिएत संघातून पकडून आणलेले मजूर, युद्धकैदी, छळछावण्यांतून आणलेले कैदी. मजूर स्त्रियांची तान्ही मुले काढून घेऊन एका बालगृहात ठेवली जात. हे बालगृह पुढे र्‍यूएन गावी हलवले. तिथे उपासमार आणि रोगराईने साडेतीनशेहून अधिक बाळे मेली. त्याला जबाबदार असलेले कारखान्याचे डॉक्टर हान्स क्योर्बेल यांना ब्रिटिशांनी खटला चालवून १९४७ मध्ये फाशी दिले.

यानंतर फोक्सवॅगनचे नाव आदराने घेतले जाईल, असे तेव्हा कोण म्हणाले असते?

एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकी सैन्य तिथे पोहोचले. मे महिन्यात जवळच्या जुन्या किल्ल्यावरून शहराचे नाव वुल्फ्सबर्ग ठेवले गेले. तो भाग ब्रिटिशांच्या ताब्यात आला आणि ऑगस्टमध्ये मेजर आयव्हन हर्स्ट हे २९ वर्षांचे ब्रिटिश लष्करी अभियंते तिथे रुजू झाले. बॉम्बहल्ल्यांनी छपरे उडाली होती. कारखाना मोडून यंत्रे भरपाई म्हणून बाहेर नेण्याचा विचार पक्का होत होता. पण ब्रिटिश फौजेला हलक्या वाहनांची टंचाई होती. युद्धाआधीच्या गाडीचा एक नमुना रंगवून वरिष्ठांना दाखवण्यात आला आणि २० हजार गाड्यांची मागणी आली. कारखाना वाचला तो या एका मागणीमुळे. ब्रिटिश मोटार उद्योगातल्या तज्ज्ञांनी गाडी पाहिली होती. त्यांना ती कुरूप, गोंगाट करणारी आणि बाजारात न चालणारी वाटली. फोर्डलाही तिच्यात रस वाटला नाही. मोटार उद्योगाच्या इतिहासात एवढी महागात पडलेली नापसंती दुसरी शोधावी लागेल.

हर्स्ट यांनी केवळ उत्पादन सुरू केले नाही. तपासणीचा वेगळा विभाग, दुरुस्ती आणि सुट्या भागांची व्यवस्था, निर्यातीची सुरुवात या तिन्ही गोष्टींचा पाया त्यांच्याच काळात घातला गेला. जर्मन काटेकोरपणाचे म्हणून जे कौतुक पुढे जगभर झाले, त्याच्या मुळाशी यॉर्कशरचा एक लष्करी अधिकारी होता. हे कंपनी आता मोकळेपणाने मान्य करते.

जानेवारी १९४८ मध्ये हाइनरिख नॉर्डहॉफ यांच्याकडे सूत्रे आली. ते ओपेलच्या मालमोटार कारखान्याचे प्रमुख होते. युद्धकाळातल्या पदामुळे अमेरिकी विभागात त्यांना मोठे पद मिळणे शक्य नव्हते, ब्रिटिशांनी ते दिले. १९४९ च्या शरद ऋतूत ब्रिटिशांनी कारखाना जर्मनांच्या हवाली केला: विश्वस्त संघराज्य सरकार, कारभार लोअर सॅक्सनीचा. नॉर्डहॉफ यांनी गाडीचा आकार बदलला नाही, आतले भाग मात्र सतत सुधारत ठेवले. जिथे दुरुस्तीची सोय आणि सुटे भाग नाहीत तिथे गाडी विकायची नाही, हा त्यांचा दंडक. ऑगस्ट १९५५ मध्ये दहा लाखावी गाडी बाहेर पडली.

अमेरिकेत १९४९ मध्ये अवघ्या दोन गाड्या विकल्या गेल्या होत्या. १९५९ पासून न्यूयॉर्कच्या डीडीबी या संस्थेने फोक्सवॅगनच्या जाहिराती केल्या. या संस्थेत ज्यू मंडळी प्रमुख होती, हिटलरच्या गाडीला अमेरिकेत प्रतिष्ठा मिळवून दिली ती त्यांनी. सगळे गाडीवाले लांबी, चकचकाट आणि ताकद मिरवत असताना या जाहिराती पांढऱ्या पानावर छोटीशी गाडी दाखवून लहानपणाचेच गुण सांगत. त्यांतली एक मला फार महत्त्वाची वाटते. तिच्यात गाडीच्या चित्राखाली ‘लेमन’, म्हणजे भंगार माल, एवढाच शब्द होता. खालच्या मजकुरात खुलासा: हातमोज्यांच्या कप्प्यावरच्या चकचकीत पट्टीला डाग आढळला म्हणून तपासनिसाने ही गाडी परत पाठवली, आणि वुल्फ्सबर्गमध्ये अशा तपासणीसाठी ३,३८९ माणसे नेमली आहेत. स्वतःचा दोष स्वतःच सांगणारी कंपनी, ही प्रतिमा तिथून रुजली. १९६८ मध्ये एकट्या अमेरिकेत पाच लाखांहून अधिक फोक्सवॅगन विकल्या गेल्या. १७ फेब्रुवारी १९७२ रोजी बीटलने फोर्डच्या मॉडेल टी गाडीचा एकूण उत्पादनाचा विक्रम मोडला.

तोवर बीटल म्हातारी झाली होती. १९७४ मध्ये कंपनीला सुमारे ८० कोटी मार्कांचा तोटा झाला. सुटका झाली ती ऑडीमुळे. साठच्या दशकात डाइमलर-बेंझकडून घेतलेल्या ऑटो युनियन या ऑडीच्या मूळ कंपनीतून पाण्याने थंड होणारे, पुढच्या चाकांना गती देणारे तंत्र हाताशी आले होते. १९७३ मध्ये पासाट आणि १९७४ मध्ये इटलीच्या जॉर्जेतो जुजारो यांनी रेखाटलेली गोल्फ आली. पुढची सगळी फोक्सवॅगन गोल्फवर उभी आहे. बीटल मेक्सिकोत चालू राहिली, शेवटची ३० जुलै २००३ रोजी पुएब्लात बनली. एकूण आकडा २ कोटी १५ लाख २९ हजार ४६४.

१९९३ मध्ये पोर्शे यांचे नातू फर्डिनांड पिएख प्रमुख झाले. सेआत आधीच ताब्यात होती, स्कोडा १९९१ मध्ये आली होती, १९९८ मध्ये बेंटली, लॅम्बोर्गिनी आणि बुगाटी आल्या. पिएख असामान्य अभियंते होते आणि कुणाचेही ऐकून न घेणारे म्हणून प्रसिद्ध होते. त्यांच्या पहिल्याच वर्षी मंदीत नोकर्‍या वाचवण्यासाठी आठवड्याला २८.८ तास, म्हणजे चार दिवस कामाचा करार झाला. त्याचे देशभर कौतुक झाले. पण व्यवस्थापन आणि कामगार नेते यांच्या या सख्याची दुसरी बाजू २००५ मध्ये उघड झाली. कामगार परिषदेच्या प्रमुखाला कंपनीच्या पैशाने चैन आणि जादा बोनस पुरवले गेले होते. मनुष्यबळ विभागाचे प्रमुख पेटर हार्ट्झ यांना २००७ मध्ये निलंबित शिक्षा आणि दंड झाला. ज्यांनी एकमेकांवर लक्ष ठेवायचे तेच एकमेकांना सांभाळून घेत होते. लोअर सॅक्सनीचा मुख्यमंत्रीही मंडळावर असतो, आणि गेरहार्ड श्र्योडर त्या पदावरून पुढे थेट चॅन्सेलर झाले. अशा घरात नको ती बातमी वर पोहोचवायला कुणाचे धाडस होणार?

डिझेल प्रकरण याच वातावरणात घडले. अमेरिकेत नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा युरोपपेक्षा कितीतरी कडक होती. ती पाळायची तर इंधन जास्त जळणार किंवा महागडी यंत्रणा बसवावी लागणार. त्याऐवजी इंजिनाच्या संगणकात अशी आज्ञावली घातली गेली की गाडी प्रयोगशाळेत तपासली जात आहे हे तिला ओळखू यावे. तपासणीत धूर नियमात, रस्त्यावर मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एका लहान गटाने मोजणीची यंत्रे गाडीतच ठेवून रस्त्यावर चाचण्या घेतल्या आणि हा फरक पकडला. त्यात भारतातून शिकायला गेलेले तरुण अभियंतेही होते. कंपनी वर्षभर तांत्रिक सबबी सांगत राहिली. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकी पर्यावरण संस्थेने नोटीस जाहीर केली, पाच दिवसांत प्रमुख मार्टिन विंटरकोर्न यांनी राजीनामा दिला. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही लबाडी होती. दंड, भरपाई आणि दुरुस्तीचा खर्च ३० अब्ज युरोंच्या वर गेला. मे २०२५ मध्ये ब्राउनश्वाइगच्या न्यायालयाने चार माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवले, त्यांतल्या दोघांना तुरुंगवास झाला. डागाळलेल्या पट्टीसाठी गाडी परत पाठवणाऱ्या कंपनीची तपासणी दुसऱ्यांनी करावी लागली, हे जर्मनीत अनेकांना दंडापेक्षा जास्त लागले.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध दोन गावांमुळे आहे. समूहातली स्कोडा २००१ पासून छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा इथे गाड्या जोडत होती. फोक्सवॅगनचा स्वतःचा कारखाना आधी आंध्रात होणार अशी चर्चा होती, पण २००६ मध्ये चाकण ठरले आणि ३१ मार्च २००९ रोजी उद्घाटन झाले. पोलो आणि व्हेंटो तिथल्याच. पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गात ‘दार बंद करताना आवाज बघ’ असे म्हणून जिचे कौतुक व्हायचे ती पोलो २०२२ मध्ये बंद झाली. देखभाल महाग, ही तक्रार मात्र शेवटपर्यंत तिच्या मागे राहिली. नॉर्डहॉफ यांचा दंडक इथे तितका लागू झाला नाही, असे म्हणायला हरकत नाही.

डिझेल प्रकरणाची भारतातली तपासणीही पुण्यातच, एआरएआय या वाहनांची चाचणी करणाऱ्या संस्थेत झाली. प्रयोगशाळा आणि रस्ता यांतला फरक दिसला आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने समूहाच्या सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी बोलावल्या. भारतातले नियम मोडलेले नाहीत, कारण रस्त्यावरच्या मोजणीची अट त्या वेळच्या भारत स्टेज-४ मध्ये नव्हतीच, असा तिचा युक्तिवाद होता. राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटींचा दंड ठोठावला, त्याच्या वसुलीसाठी सक्तीची कारवाई करू नये असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. सप्टेंबर २०२४ मध्ये वेगळेच प्रकरण उभे राहिले. गाडीचे सगळे भाग वेगवेगळ्या खेपांत आणून सुट्या भागांचा ५ ते १५ टक्के कर भरला, प्रत्यक्षात तो जोडणीचा संच होता आणि त्यावर ३० ते ३५ टक्के कर लागतो, असे सीमाशुल्क विभागाचे म्हणणे. मागणी १.४ अब्ज डॉलरची. कंपनीला ते मान्य नाही. २०२५ च्या सुरुवातीला ती त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली.